आजोबांविषयी नको, आजीला आजीविषयीच विचार

पत्र :

ताई, आमचे आजोबा गेल्या श्रावणात गेले. 88 वर्षांचे होते. बेळगावच्या शहापुरात त्यांचा माग होता. आधी हातमाग, मग यंत्रमाग. बाहेरच्या सोप्यात ते विणायचे, आजी आतल्या खोलीत बसून कांड्या भरायची. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. मोठे काका म्हणतात, त्या दिवशी एक पुस्तिका वाटायची. नावही ठरलंय, 'कर्मयोगी'. मजकूर जमवायचं काम माझ्याकडे आलंय, कारण घरात लिहिणारी मी एकटीच. मी पुण्यात नोकरीला असते, महिन्यातून एकदा बेळगावला येते.

आजोबांबरोबर आजीने 64 वर्षं संसार केला. पण तिच्यासमोर मोबाइल धरला की ती फक्त 'चांगले होते गं' म्हणते आणि पदराशी चाळा करत बसते. काका सांगतात ते सगळं भाषणासारखं वाटतं. 1986 च्या आंदोलनात आजोबा चार दिवस तुरुंगात होते, त्यावर त्यांना तीन पानं हवीत. आजोबांनी धाकट्या भावाशी चार वर्षं अबोला धरला होता, ते मात्र लिहू नको म्हणतात. जन्मतारखेचाही घोळ आहे. दाखल्यावर 1 जून आहे, आजी म्हणते ते नागपंचमीचे. पेटीत त्यांच्या वडिलांच्या चोपड्या आहेत, त्यातलं एक अक्षर लागत नाही. आणि माझ्या भावाची मुलं इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही. मग हे सगळं मी कुणासाठी लिहू? नाव छापू नका, आणि मला 'तू'च म्हणा.

— शहापूरची एक नात

उत्तर :

चि. नात, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एका वाक्यासाठी. 'आजी आतल्या खोलीत बसून कांड्या भरायची.' एवढ्या मोठ्या पत्रात आजीने काय काम केलं हे सांगणारं हे एकच वाक्य आहे, आणि तेही आजोबा कुठे विणायचे ते सांगताना ओघात आलंय. तुझी अडचण त्या वाक्यातच सुटते, असं मला वाटतं.

माझं माहेर बेळगावातल्याच खासबागचं. आमच्या घराला लागून विणकराचं घर होतं, मधे एकच भिंत. त्या घरातल्या काकू माझ्या आईला सांगायच्या, 'माग बघायला लागत नाही ओ, ऐकू येतोय की.' आणि खरंच त्यांना सगळं ऐकू यायचं. खटखट थांबून लगेच सुरू झाली तर कांडी बदलली. जरा जास्त वेळ लागला तर ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, धागा तुटला, तो सांधतायत. आणि बराच वेळ शांत असलं तर कुणीतरी आलंय, चहा टाकायला पाहिजे. सोप्यात न डोकावता काकू आधण ठेवायच्या आणि बरोबर तेवढेच कप बाहेर जायचे. मी लहानपणी याला जादू समजत होते.

तुझ्या पिढीला सांगायला हवं म्हणून सांगते. धोट्यात कांडी बसते, कांडीवर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत असतं. धोटा इकडून तिकडे पळतो तसं सूत उलगडत जातं. कांडी संपली की संपली, नवी घातल्याशिवाय लुगडं बोटभरही पुढे सरकत नाही. रहाटावर बसून त्या कांड्या भरायच्या त्या घरातल्या बायकांनी. एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. सैल सोडलं तर कांडी धोट्यात अडकते, ताणून धरलं तर सूत तुटतं. भरणारी मागे पडली की विणणारा हात बांधून बसतो, आणि त्या काळी मजुरी हातातल्या कामाची होती, बसण्याची नव्हती. पुढच्या वेळी आलीस की आजीचा हात हातात घे आणि चिमटीची बोटं बघ. आमच्या काकूंच्या बोटावर सुताने चर पडला होता, रहाट सुटून कित्येक वर्षं झाली तरी तो गेला नाही.

आता तू अशा बाईसमोर मोबाइल धरतेस आणि विचारतेस, आजोबा कसे होते? तिने काय सांगावं? तिचा दिवस आणि त्यांचा दिवस एकाच सुताचा होता. त्यातून 'आजोबा' वेगळे काढून तुझ्या हातावर ठेवायचे तरी कसे? 'चांगले होते गं' हे तिचं उत्तर खोटं नाही, टाळलेलंही नाही. तुझा प्रश्नच तिच्या बाजूने विचारलेला नाही.

म्हणून आजोबांचं नाव काढू नकोस. आजीला आजीविषयी विचार. लग्न होऊन आलीस तेव्हा रहाट येत होता का, की सासूने शिकवला? पहिल्या दिवशी किती कांड्या बिघडल्या? त्या बघून बाहेरून कुणी काय म्हणालं? खड्ड्यात पाय सोडून विणायच्या त्या मागाला पावसाळ्यात ओल यायची तेव्हा काय करत होता? बाळंतपणाला माहेरी गेलीस तेव्हा कांड्या कोण भरत होतं? यंत्रमाग आला त्या दिवशी घरात काय झालं? कांड्या भरायलाही मशीन आलं, मग तुझ्या हातांनी काय केलं? करंट गेला की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, तेव्हा तुम्ही दोघं काय बोलत होता? यातल्या एकाही प्रश्नात आजोबा नाहीत, पण उत्तरात ते आल्याशिवाय राहणार नाहीत. येतील ते सोप्यातून हाक मारत येतील, 'कांडी!' म्हणून. कर्मयोगी होऊन येणार नाहीत.

मोबाइल समोर धरायचा नाही. कपाटावर ठेव, चालू करून विसरून जा. आजीला न सांगता नको हं, एकदा सांग आणि मग त्याचं नाव काढू नको. तिच्या हाताला काम दे. श्रावण आहे, वाती वळायच्या असतील, शेंगा फोडायच्या असतील. जन्मभर हात चालू ठेवून बोललेली बाई रिकाम्या हातांनी बोलत नाही. तू पदराचा चाळा लिहिलास ना, ते हात काम शोधत होते.

तरीही गप्प राहिली तर माझा एक उपाय आहे, थोडा आगाऊ आहे. चुकीचं लिहून ने. 'आजोबांना पुरणपोळी फार आवडायची' असं काहीतरी धडधडीत खोटं लिही आणि तिच्यासमोर मोठ्याने वाच. 'कोण म्हणालं तुला?' म्हणून ती सुरू होईल. आमच्याकडची म्हातारी माणसं विचारलं तर सांगत नाहीत, पण चुकलेलं दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही.

हे वाचायचं काम तू करू नकोस, भावाच्या मुलांना दे. त्यांना मराठी वाचता येत नाही म्हणतेस, पण शाळेत हिंदी असेल की! म्हणजे अक्षरं येतात, कुणी मराठीचा कागद हातात देऊन बसवलं नाही एवढंच. पोरगा अडखळत वाचेल, 'धोटा'चं 'दोता' करेल, आजी हसेल, धोटा म्हणजे काय ते हाताने करून दाखवेल. 'मी कुणासाठी लिहू' या प्रश्नाचं उत्तर तुला त्या खोलीत मिळेल. पुस्तिकेच्या दोनशे प्रती लोक घरी नेतील, फोटो बघतील आणि टीव्हीखाली ठेवतील. मी स्वतः तेच करते, खोटं कशाला सांगू?

मुलांना कन्नड वाचता येत असेल तर एक पान कन्नडमध्येही असू दे. काकांना ते पटणार नाही, मला कल्पना आहे. त्यांना एवढंच विचार, आजोबा सुताच्या व्यापाऱ्याशी कुठल्या भाषेत घासाघीस करायचे? शहापुरात एवढी वर्षं धंदा केलेला माणूस घरात 'काय करूलीस गं' म्हणायचा आणि दुकानात 'एष्टु' म्हणून भाव विचारायचा. दोन्ही तोंडं त्याचीच.

आंदोलनाचं म्हणशील तर लिही, नक्की लिही. जून 1986 मध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात आपल्याकडे काय झालं, कुणाची घरं उजाड झाली, हे मी पाहिलंय. त्यात चार दिवस तुरुंगात काढणं ही लपवण्यासारखी गोष्ट नाही. पण तीन पानं? काकांची तीन पानं बहुधा त्या चार दिवसांवर नसतील, सीमाप्रश्नावर असतील, आणि तो इतिहास दुसरीकडे मिळतो. तुमच्या घरी सोडून कुठेच मिळणार नाही अशी एक गोष्ट आहे : ते चार दिवस माग बंद होता का? की आजीने चालवला? पैशाचं काय केलं? निरोप कुणी आणला? परत आल्यावर त्यांनी आधी काय मागितलं, पाणी, चहा की आंघोळीला गरम पाणी? हे आजीला विचार आणि त्याचं एक पान कर. काकांच्या तीन पानांपेक्षा ते जड होईल.

आंदोलनाहून मला तुमच्या आजोबांच्या कागदांची जास्त उत्सुकता आहे, आणि हे काकांनाही आवडेल. 88 धरले तर जन्म 1936 च्या सुमाराचा. तेव्हा शहापूर बेळगावला खेटून असलं तरी ब्रिटिश मुलखात नव्हतं, सांगली संस्थानात होतं. म्हणजे जन्म सांगलीच्या पटवर्धनांच्या राज्यात. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा ते शाळेत असतील. 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हा विशीतले, बहुतेक मागावर बसलेले. 1 नोव्हेंबर 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, तेव्हा पोराबाळांचे बाप. 2014 मध्ये गावाचं बेळगावी झालं, तेव्हा पणजोबा व्हायच्या बेताला. माणूस त्याच सोप्यात बसलेला, आणि पत्ता तेवढा बदलत गेला. घरात शाळेचा दाखला, रेशनकार्ड, घराचा उतारा, विजेचं बिल, आधार, जे सापडेल ते वर्षाच्या क्रमाने मांड आणि प्रत्येकावर राज्याचं नि गावाचं नाव काय आहे ते बघ. त्यांचे फोटो छाप. 'सीमाभाग' म्हणजे काय हे पोरांना त्यातून कळेल, अग्रलेखाची गरज नाही. आधारचा नंबर मात्र झाक, नाहीतर नवीनच आंदोलन व्हायचं.

1 जूनचं मनावर घेऊ नकोस. त्या काळी पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, किती वर्षांचा? बाप म्हणायचा, असेल सहा-सात. शाळा जूनमध्ये सुरू, मग मास्तर 1 जून लिहून मोकळे. आपल्याकडे दाखल्यावर 1 जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की त्या दिवशी बेळगावातला कुंदा पुरायला नको. आजी म्हणते नागपंचमी, तर नागपंचमीच खरी. सासूने सांगितलेली तिथी सुना विसरत नाहीत. वर्ष पक्कं करायचं असेल तर आजोबांच्या बरोबरीचं कुणी हयात आहे का बघ, बहीण, मेहुणा, जोडीदार. 'तुम्ही कधी जन्मलात' असं विचारायचं नाही. गांधीवध झाला तेव्हा कितवीत होता, असं विचार. तो 30 जानेवारी 1948, ती सांज त्या पिढीला आठवतेच. वर्ष ठरलं की त्या वर्षीच्या पंचांगात नागपंचमीची तारीख मिळते. आजीच्या पुढच्या हकिगतींनाही हीच युक्ती वापर. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. काका तेव्हा पाळण्यात होते की पोटात, हे तिला तारखेशिवाय सांगता येईल.

चोपड्यांवरची शाई जुनी असेल, ओळीवर एक सलग रेघ असेल आणि खाली अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतील तर ती मोडी आहे, मराठी लिहायची जुनी लिपी. खापरपणजोबांपर्यंत जायची गरज नाही, मोडी शाळेतून जाऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत. तू पुण्यात आहेस ना? भारत इतिहास संशोधक मंडळात एकदा जाऊन ये, मोडी लागणारी माणसं तिथे भेटतात. मूळ चोपडी घेऊन फिरू नकोस, दोन-चार पानांचे उजेडात नीट फोटो काढून ने. बहुतेक सुताचा हिशेब आणि उसनवारी निघेल. कुणाचे किती बाकी होते ते पुस्तिकेत छापू नको म्हणजे झालं, त्यांचीही नातवंडं त्याच गल्लीत राहतात.

भावाभावांच्या अबोल्याबद्दल मी काकांच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. भांडण कशावरून झालं ते छापू नका. त्यात दुसरं एक घर आहे, आणि त्या घराला उत्तर द्यायला त्याच पुस्तिकेत जागा मिळणार नाही. पण मग मसुद्यात 'अजातशत्रू' हा शब्द असेल तर तोही काढा! गल्लीत सगळ्यांना माहीत असताना अजातशत्रू लिहिलं की लोक गालात हसतात, आणि हसं आजोबांचं होतं. अबोला सुटला कसा, हे मात्र धाकट्या आजोबांच्या घरी जाऊन विचार. कोण आधी बोललं, काय बोललं. त्यांची हरकत नसेल तर तेवढं लिही. माझा अंदाज आहे की ते वाक्य अगदीच साधं निघेल, 'जेवलास काय?' असं काहीतरी.

एक नाजूक गोष्ट. आजोबा गेले तेव्हा पेपरात बातमी दिली असेल. त्यात शेवटी असेल, 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली, सुना, नातवंडे, पणतवंडे असा परिवार आहे.' आजीचं नाव नसेल, नसतंच. तसं आजीनेही त्यांचं नाव कधी घेतलं नसेल. 'हे' म्हणाली असेल, 'तुझे आजोबा' म्हणाली असेल. 64 वर्षांत नाव तोंडातून आलं ते फक्त उखाण्यात. तो उखाणा तिला आठवत असेल. मागून घेऊ नकोस. वर्षाच्या आत एखाद्या बाईला उखाणा म्हणायला लावणं क्रूर आहे, आणि तिच्या बाजूच्या बायका तुला बोलतील ते वेगळंच. पण मांडीवर वाती वळताना आपण होऊन म्हणालीच, तर टिपून ठेव. छापायचा की नाही हे ती ठरवील. नको म्हणाली तर तुझ्याजवळ राहू दे. पुस्तिकेवर मात्र दोघांची नावं घाल. जिने कांड्या भरल्या तिचं नाव आत कुठेतरी 'पत्नी' म्हणून कोपऱ्यात नको. 'कर्मयोगी'ला काकांशी भांडत बसू नकोस, मुखपृष्ठ त्यांना घेऊ दे. आतली पानं तुझी आहेत.

आता फोटोचं सांगते, आणि हे माझ्या घरातलं आहे. माझे वडील गेले तेव्हा आम्हीही अशीच पुस्तिका काढली होती. भाऊ मोठा फोटो करायला एका दुकानात गेला. वडिलांचा एकच बरा फोटो होता, धोतर, सदरा आणि काळी टोपी. दुकानदाराने आपल्या मनाने टोपी काढली, डोक्यावर केस बसवले, सदऱ्याच्या जागी कोट-टाय चढवला. वडिलांनी जन्मात टाय बघितला असेल तो बँकेतल्या साहेबाच्या गळ्यात. वेळ कमी होता, आम्ही तसाच छापला. लोक म्हणाले, काय रुबाबदार दिसतात! आई काहीच बोलली नाही. तिला दिलेली प्रत पुन्हा कधी दिसली नाही, आम्हाला वाटलं कुणाला तरी दिली असेल.

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना ती प्रत लुगड्यांखाली घातलेल्या वर्तमानपत्राच्या तळाशी सापडली. आतली पानं कोरी करकरीत होती, एकदाही उलटलेली नव्हती. पहिल्या पानावरच्या फोटोत मात्र निळ्या बॉलपेनने, जरा तिरकीच, डोक्यावर टोपी काढलेली होती.

तुझ्या आजोबांचा नेहमीच्या कपड्यांतला फोटो असेल तो घे, आणि छापायला द्यायच्या आधी आजीला दाखव.

— तुझी, ताई